चौकटीतला बाण

माझा भुताखेतांवर कधीच विश्वास नव्हता. माझा विश्वास वाळवीवर. पुण्यातल्या एका संग्रहालयात लाकडाच्या आणि बांबूच्या जुन्या वस्तू जपण्यात माझी तीस वर्षं गेली. अशा वस्तूला दोघांपासून जपावं लागतं, एक वाळवी आणि दुसरा हौसेनं पॉलिश मारणारा मालक. तेव्हा आधी सगळं ऐकून घ्या, मग हसायचं तर खुशाल हसा.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत सुप्याच्या माळावरून आबासाहेब नावाच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. वय शहात्तर, आवाज मात्र खणखणीत.

"राजेश्वरीबाई नव्हं? ऱ्हाती खोली पाडून नवं घर बांधायचं हाय. आत एक तिरकामठा हाय, भात्या-बाणांसकट. पाडापाडीत मोडायच्या आत तुमी घिऊन जावा. आन् जमलं तर तो कुणाचा त्ये सांगा. मला नाव पायजे त्याचं."

माझं माहेर इंदापूरचं, त्यामुळे त्या बाजूचं काम मी सहसा नाकारत नाही. आठवडाभरात पोचले. पत्र्याची एक लांबट खोली, शेजारी नव्या घराचा खणलेला पाया, मागे ज्वारीच्या कडब्याची गंज आणि तिच्यापलीकडे नजर पोचेल तिथवर पिवळं पडलेलं गवत. आबांची सून रेश्मा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिची दोन वर्षांची राजनंदिनी दारातल्या कुत्र्याचे कान ओढत होती आणि ते बिचारं सोसत होतं.

धनुष्य आढ्याला टांगलं होतं. पाच बाण भात्यात होते. सहावा मात्र दाराच्या चौकटीत, वरच्या लाकडात रुतवलेला होता, त्याला हळदीकुंकू लावलेलं होतं आणि दसऱ्याचं आपट्याचं पान वाळून तिथंच चिकटलं होतं.

"ह्याच्यामुळं मी हाय," आबा म्हणाले. "दोन वर्सांचा हुतो. आई खळ्यावर कामात. लांडग्यानं मला झबल्याला धरून वढत न्हेलं. बापानं एक राखणदार ठेवला हुता, लांबचा, त्याची बोली बी आमाला धड कळत न्हवती. त्यानं बाण मारला. मला वरखडा बी न्हाय! पुढच्या थंडीत तापानं गेला बिचारा. जाताना त्यो बाण चौकटीत मारून म्हणला, ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या." त्यांनी चौकटीला हात लावला. "माझ्या बापानं त्याला नाव बी इचारलं न्हाय. राखण्या म्हणायचे सगळी. आता दर दसऱ्याला मी हात जोडतो, पर कुणाचं नाव घिऊन जोडू? मरायच्या आधी तेवढं उपकार फेडायचं हायती."

मला गहिवरून आलं, पण कामाच्या वेळी मी गहिवर बाजूला ठेवते. धनुष्य बाजेवर घेतलं, भिंग काढलं. बांबूचंच धनुष्य, आणि त्याची दोरीही दोरी नव्हती, बांबूची सोललेली पट्टी होती. पट्टीच्या मध्यभागी दोन बोटांच्या झिजेच्या खुणा होत्या, अंगठ्याची कुठेच नाही.

"भिल्लांचा आहे, आबा. सातपुड्याकडचा. ते अंगठा न लावता बाण ओढतात. आणि ही पाहा मालकाची खूण. प्रत्येक बाणावर डागून काढलेली दोन कडी आणि मधे तिरकी रेघ. शिकार कुणाच्या बाणानं पडली ते कळावं म्हणून."

"म्हंजी नाव सापडंल?"

"खूण ओळखणारं कुणी भेटलं, तर."

आबांचे डोळे भरले. तिथवर माझं सगळं बरोबर चाललं होतं. मग मी माझ्या धंद्यातली शहाणी झाले.

"चौकटीतलाही काढून द्या."

"त्यो नगं, बाई. त्यानं सांगितलंय."

"संच फोडायचा नसतो, आबा. उद्या घर पाडताना तो हरवला म्हणजे?"

शिकलेल्या बाईपुढे त्यांचं काही चाललं नाही. मी बाण अलगद काढला. चौकटीत एक काळं भोक उरलं. दोरीचं एक टोक सोडून धनुष्याचा ताण उतरवला, कारण जुनं धनुष्य ताणलेलं ठेवलं की तडकतं. मऊ कागदात सगळं गुंडाळून पेटीत ठेवलं, बाण मोजून सहा. झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून वर माझी सही केली.

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. ऊन टळटळीत. रेश्मानं पोरीला गंजीच्या सावलीत गोधडीवर निजवलं आणि आम्हाला ताटं वाढली.

पहिला घास घेतला तोच मला काहीतरी खटकलं. आवाज नव्हता. मघापासून ओरडणारी टिटवी गप्प झाली होती. कुत्रं बाजेखाली शिरून, पोट जमिनीला लावून थरथरत होतं. खोलीत धुराचा वास आला. चुलीचा नव्हे… ओल्या पाल्याचा, रात्री राखणीला पेटवतात तसा.

आणि पेटीतून आवाज आला.

टंग्…

"ताई… काय वाजलं?" रेश्मा कुजबुजली.

"उन्हानं बांबू आवळतो," मी म्हणाले. माझ्याच कानाला ते खोटं वाटलं. दोरी मी सोडली होती. सैल पट्टी वाजत नाही.

आबा उठून उभे राहिले होते. त्यांची नजर चौकटीतल्या भोकावर होती.

"पोरगी कुठाय?" ते म्हणाले.

आम्ही धावलो. गोधडी रिकामी होती. तिथपासून गवताच्या दिशेला धुळीत घसटल्याची रेघ गेली होती, आठ-दहा पावलं, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पंजे उमटले होते. रेघ जिथं संपली तिथं राजनंदिनी बसली होती. झबल्याची कड फाटलेली, लाळेनं ओली. अंगावर ओरखडाही नव्हता.

तिच्यापुढे हातभर अंतरावर जमिनीत एक बाण उभा होता. अजून थरथरत होता.

पंजे तिथून उलटे वळून गवतात गेले होते. रेश्मानं पोरीला छातीशी धरून हंबरडा फोडला. पोरगी मात्र तिच्या खांद्यावरून मोकळ्या माळाकडे बोट दाखवून हसत होती.

"दित्या," ती म्हणाली. "दित्या…"

मी खोलीत परतले. पेटीवरची पट्टी अखंड, सहीसुद्धा जशीच्या तशी. उघडून पाहिलं तर आत पाच बाण होते.

तो सहावा बाण आबांनी स्वतः उपटला आणि चौकटीतल्या त्याच भोकात बसवला. मी जमिनीवर डोकं टेकलं आणि त्या माणसाची माफी मागितली, आभारही मानले. तीस वर्षं मी वस्तू जपत होते, तो माणसं जपत होता.

बाणावरच्या खुणेचा फोटो मी सातपुड्यातल्या ओळखीच्या एका शिक्षकाला पाठवला. पोरीचा शब्द मुद्दाम कळवला नाही. दोन महिन्यांनी उत्तर आलं. एका म्हातारीनं खूण पाहताक्षणी ओळखली, तिच्या बापाच्या घरची होती. तिचा चुलता फार वर्षांपूर्वी दक्षिणेला राखणीला गेला, परत आला नाही. त्याचं नाव दित्या.

आबांना फोनवर सांगितलं. ते लहान मुलासारखे रडत म्हणाले, "दित्याबाबा… लई उपकार झालं, दित्याबाबा." त्या दसऱ्याला त्यांनी नाव घेऊन हात जोडले. नव्या घराला जुनीच चौकट बसवली, बाणासकट. दिवाळीनंतर आबा गेले, झोपेत, शांतपणे.

धनुष्य आमच्याकडे कुलूपबंद कपाटात आहे, दोरी सैल सोडलेली. पाटीवर मालकाचं नाव आहे. रोज त्याच्यासमोरून जाताना मी हात जोडते; सहकारी हसतात, हसू देत.

गेल्या बुधवारी दुपारी मी त्या कपाटाशेजारी टिपणं लिहीत बसले होते. आतून आवाज आला. टंग्… मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं. लगेच रेश्माला फोन लावला.

"राजनंदिनी कुठंय?"

"हितंच हाय की ताई, माझ्या कडंवर. जेवतीया." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "पर ताई… चौकटीत बाण न्हाय. आता कुणाच्या लेकरासाठी गेला त्यो?"