भरल्या ताटावर उपाशी झाड

सावनीच्या अव्होकॅडोची नवी पानं पिवळी पडत चालली होती. शिरा मात्र हिरव्यागार. आजोबांनी खत घातलं, पुन्हा घातलं, पण झाड ढिम्म. रोग असेल तर सगळ्या बागेत पसरेल, म्हणून रविवारी ते उपटायचं ठरलं. आजोबा मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे), त्यांच्यापुढे कोण बोलणार? पण ते झाड सावनीने बी रुजवून वाढवलं होतं. तिला घास गोड लागेना.

शेवटी तिने चाखूला गाठलं. चाखू म्हणजे पाचगणीजवळच्या त्यांच्या बागेतला, माती चाखणारा यंत्रमानव. त्याने मुळाशी धातूची जीभ खुपसली. झाडाला लोह कमी पडतंय, तो म्हणाला, आणि मातीत लोह भरपूर आहे.

"ताट भरलेलं आणि पोर उपाशी? असं कसं रे?"

"ताटावर झाकण असेल. सामू बघू."

सामू (माती आंबट की चुनखडीकडे झुकलेली, हे सांगणारा आकडा; चुन्याने तो चढतो) शेजारच्या झाडाखाली सहा निघाला, इथे आठ. चाखूने समजावलं की मुळं काही चावून खात नाहीत, पाण्यात विरघळलेलं तेवढंच पितात. सामू चढला की लोह विरघळत नाही, मातीत नुसतं पडून राहतं.

पण याच झाडाखाली का? सावनीचं लक्ष शेजारच्या नळाकडे गेलं. दर दिवाळीआधी झाडांच्या खोडांना चुना आणि गेरू लावायचा, आणि उरलेल्या चुन्याची बादली याच नळाखाली विसळायची. विसळायचं कोण? आजोबा!

तिने भीत भीत सांगितलं. आजोबा नळापाशी वाकले आणि त्यांनी माती चिमटीत घेतली.

"कॉलेजात मुलांना माती शिकवली," ते म्हणाले, "आणि स्वतःच्या पायाखालची बघितली नाही. उपटायचं नाही हं ते."

मग त्यांनी मातीत गंधक मिसळलं. जिवाणू त्याचं हळूहळू आम्ल करतात आणि सामू उतरतो. त्याला महिने लागणार, म्हणून तोवर चिलेटेड लोह (खेकड्याने नांगीत धरावं तसं दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं, विरघळणारं लोह) दिलं. वर पालापाचोळा पसरला, कारण अव्होकॅडोची मुळं वरवरच असतात आणि उन्हाने लवकर सुकतात.

काही आठवड्यांनी एक कोवळं पान उमललं, अख्खं हिरवं. सावनीने त्याला हात लावला आणि तिला रडूच आलं.

"आजोबा, मंगळाची मातीही लोहानेच लाल आहे ना?"

"हो. का गं?"

"मग तिथं झाड लावायला जाईन तेव्हा चाखूला घेऊन जाईन. आधी ताटावरचं झाकण बघू, खताची गोणी नंतर पाठवा."