खटका उडाला की पाडला?

"गणपतराव, परत उडाला! आत्ताच्या आत्ता या."

सकाळी सकाळी फोनवर शेजारचा मृत्युंजय वैतागलेला होता. वीज मंडळातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले गणपतराव चहा तसाच टाकून निघाले. मृत्युंजयच्या अंगणातल्या दिव्यांसाठी जमिनीखालून जाड केबल आणि गळती होताच वीज तोडणारा खटका, दोन्ही त्यांनीच पसंत केली होती. तरी महिनाभर पहाटे दिवे जात होते. वायरमन गुंडूची गल्लीभर नाचक्की झाली होती. त्याला कामं मिळेनाशी झाली होती.

मृत्युंजयच्या रागाला मात्र कसलाच खटका नव्हता.

"काढ ही ब्याद!" तो बोर्डापाशी उभ्या गुंडूवर खेकसला. "साध्या फ्यूजमधी जाड तार घाल आन् मोकळा हो."

"मालक, अक्काताई ओल्या पायानं हितनंच फिरत्यात. खांबात करंट उतरला तर तुमची आई जाईल की!"

"मग दोष शोध!"

गुंडू रडकुंडीला आला. केबल त्यानं दोनदा तपासली होती. दोष नव्हताच.

गणपतरावांनी बोर्ड पाहिला. खटक्याची दांडी पार खाली होती आणि तिच्यावर पांढरं बोट उमटलं होतं.

"हे काय?"

"चुना आसंल," मृत्युंजय म्हणाला. "परवाच पडवी रंगवली."

पडवी निळी होती.

"पावसात जास्त उडतो?"

"कसलं! मागच्या आठवड्यात धो धो पाऊस, तरी झकास चालला. आईला गारगोटीहून आणली आन् दुसऱ्या दिवशी परत रडगाणं."

गणपतराव घराच्या मागे गेले. मागचा दिवा थेट माळावर रोखलेला. भिंतीपलीकडे झुडपं, पायवाट आणि एक पडलेलं टमरेल. त्यांनी कपाळावर हात मारला.

ते परतले तेव्हा अक्काताई चहा घेऊन आल्या होत्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे.

"गुंडू, गळतीनं उडाला तर हा खटका कुठं थांबतो?"

"अर्ध्यावर."

"आन् पार खाली?"

"हातानं पाडल्यावर."

"म्हंजे उडालाच न्हाई, पाडलाय. पहाटे पूजा उरकून, विभूतीच्या बोटानं. गारगोटीला होता तेवढे दिवस सोडून. व्हय न्हवं, अक्काताई?"

"आई, तू?" मृत्युंजय ओरडला.

"व्हय, मीच. पलीकडच्या वस्तीत संडास न्हाईत. बायका उजाडायच्या आत माळाला जात्यात आन् तुझा दिवा नेमका त्यांच्यावर. त्यांनी बसायचं कुठं?"

"मला सांगायचंस की!"

"सांगितलं की रं, दोनदा. तू म्हणलास, चोर येत्याल."

ते खरं होतं.

"गुंडू," अक्काताईंनी चहाचा कप त्याच्या हातात दिला, "माझ्यापायी तुला बोल लागलं. लई चुकलं बाबा."

मृत्युंजयनं मान खाली घातली. "खटका राहू दे. मागच्या दिव्याला वेगळं बटण काढ, आईच्या खाटंजवळ."

गुंडूनं हत्यारांची पिशवी उघडली नाही.

"काढतो. पर आदी गल्लीत जाऊन सांगा, गुंडूच्या कामात खोट न्हवती."

मृत्युंजयनं एकदा आईकडं पाहिलं आणि चपला शोधायला लागला.