सहा काउंटच्या खाली

हे माझ्यासोबत घडलंय. कोणाकडून ऐकलेलं नाही. पटलं तर बघा, पण कुठे गंमत म्हणून सांगू नका.

मंगळवार होता. दुपारचे दोन वाजून गेले होते. बाहेर लख्ख ऊन, शेजारच्या खोलीत सगळे डबे उघडून बसलेले. भुताखेताची वेळ म्हणाल तर अजिबात नाही.

आमची कंपनी लहान. दवाखान्यांसाठी एक पातळ पट्टी बनवते. ती गादीखाली घालायची. वर झोपलेल्या माणसाचा श्वास तिला जाणवतो. पट्टीतून येणारी बारीकशी वीज एक चिप आकड्यात बदलते. त्या आकड्याला आम्ही 'काउंट' म्हणतो. तो किलो नाही, सेंटीमीटर नाही. नुसता कच्चा आकडा. अर्थ माणसाने लावायचा.

माझं काम शब्दांचं. मशीनच्या स्क्रीनवर काय लिहून यावं, पुस्तिकेत कशाला काय म्हणावं, ते मी ठरवायचे.

माणूस झोपलेला असला की काउंट शे-दोनशेने वर-खाली होतो. पट्टीवर कोणी नसलं तरी तो गप्प बसत नाही. सहाच्या आत कसाही नाचत राहतो. त्याला म्हणायचं नॉईज.

मग सहाच्या खाली गेल्यावर स्क्रीनवर काय दाखवायचं?

मी लिहिलं, 'बेड रिकामा'.

आमच्याकडे तपासणीला एक जुने गृहस्थ आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. ते वैतागले.

"पोरी, चिप एवढंच म्हणतेय की आकडा लहान आहे. रिकामा हे तू म्हणतेयस."

"मास्तर, नर्सला काउंट वाचत बसायला वेळ असतो का? सोपा शब्द नको?"

"सोपा हवाच. पण खरा असेल तर."

साहेबांना माझा शब्द आवडला. विषय तिथेच मिटला.

आठ महिन्यांनी एका दवाखान्यातून फोन आला.

एक म्हातारी बाई. आयुष्यभर घरी बसून कपडे शिवलेली. आजाराने पार काडी झालेली. दुपारी तिचा श्वास इतका हलका झाला, की काउंट सहाच्या खाली गेला.

बाहेरच्या टेबलावर स्क्रीनवर आलं... बेड रिकामा.

नर्सला वाटलं, एक्स-रेला नेलं असेल.

चाळीस मिनिटं कोणी आत गेलंच नाही. गेलं तेव्हा ती संपली होती.

नंतर तिची मुलगी आमच्या ऑफिसात आली. पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. आवाज चढवला नाही.

"मला भांडायचं नाहीये. एकच विचारायचंय. माझी आई बेडवर होती. मग रिकामा कोण म्हणालं?"

साहेब नियमांबद्दल बोलले, मशीनच्या मर्यादांबद्दल बोलले. मी टेबलाकडे बघत बसले. 'मी' हा एका अक्षराचा शब्द. तो काही तोंडातून निघाला नाही.

ती पट्टी तपासणीसाठी आमच्याकडे परत आली. मास्तरांनी ती माझ्या हातात दिली. "आज तू बघ. आकडे कधी डोळ्यांनी बघितलेच नाहीत ना?"

तोच तो मंगळवार.

तपासणीच्या खोलीत जाड दगडी टेबल आहे. रस्त्यावरून ट्रक गेला तरी हादरा बसू नये म्हणून. त्यावर पट्टी पसरली. वायर जोडली. आकडे एकाखाली एक यायला लागले.

दोन. उणे एक. चार. शून्य. उणे तीन.

नॉईज. सगळं ठीक.

मी वहीत वेळ लिहायला मान खाली घातली. वर बघितलं तर...

एक. दोन. तीन. चार. पाच.

पाच. चार. तीन. दोन. एक.

नॉईज असा ओळीने चढत नाही. ओळीने उतरतही नाही.

मग थोडं थांबून परत... एक. दोन. तीन.

मी पंखा बंद केला. टेबलापासून लांब, भिंतीला टेकून उभी राहिले. स्वतःचा श्वास रोखून धरला.

आकडे चढत होते. उतरत होते.

आणि वरच्या कोपऱ्यात माझा शब्द. बेड रिकामा.

मी पुढे झाले आणि वायर उपटली. पट्टी एकीकडे, मशीन दुसरीकडे. आता आकडे बिघडायला हवे होते.

बिघडले नाहीत.

एक. दोन. तीन. चार...

मी मास्तरांना हाक मारली. ते जेवता जेवता उठून आले. चष्मा पुसला. वायरचं सुटलेलं टोक हातात घेऊन बघितलं. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

मग त्यांनी दोन स्टुलं ओढली. "बस."

"मास्तर, हे काय आहे?"

"माहीत नाही. पण आता उठून जायचं नाही."

आम्ही बसलो. आकडा चारपर्यंतच जायला लागला. मग तीन. दोन चढणींमधलं अंतर वाढत गेलं. शेजारच्या खोलीत कोणीतरी हसलं. डब्याचं झाकण पडलं.

दोन.

एक...

शून्य.

मग नुसती शून्यं. एकाखाली एक. मशीन चालू असताना शेवटचा आकडा नाचायचा थांबत नाही, हे मला तिथे पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

तो थांबला होता.

किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग एकदम उणे दोन आलं, तीन आलं, आणि नेहमीचा नॉईज सुरू झाला. मास्तरांनी पट्टीवर क्षणभर तळहात ठेवला आणि निघून गेले. डबा तसाच राहिला.

आकडे फाइलमध्ये साठले होते. मी ते बाहेरच्या एका जाणकाराला पाठवले, काही न सांगता. त्याचं उत्तर आलं, "झोपलेल्या माणसाचा श्वास आहे. फार अशक्त. पेशंट कोण?"

मी कळवलं नाही.

त्याच आठवड्यात मी त्या मुलीच्या घरी गेले. दारातच सांगितलं, "तो शब्द माझा होता."

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

शब्द बदलला. आता 'जाऊन पाहा' असं येतं. नर्सने जाऊन बटण दाबलं की मशीन गप्प होतं. काउंट सहाच्या वर जाऊन पुन्हा खाली आला, तरच ते परत बोलतं.

गेल्या आठवड्यात दुसऱ्याच दवाखान्यातून एका नर्सचा फोन आला.

"मॅडम, मशीन सारखं जाऊन पाहा म्हणतंय. बेडवर कोणी नाही. चादरसुद्धा बदललीय. तीनदा बटण दाबलं."

"पट्टी बदला."

"ही तिसरी पट्टी आहे."

तिने आवाज खाली आणला. "परत जाऊ का?"

"जा."

तिने फोन ठेवला नाही. तिच्या चपला ऐकू आल्या. दार ऐकू आलं. मग बराच वेळ काही नाही...

मग एक श्वास. संथ. फोनच्या अगदी जवळ.

तिचाच असेल.

मी विचारलं नाही.