बेचाळिसावं कार्ड

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली. मामा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. आयुष्यात एकदाच त्यांनी खोटं लिहिलं, ते त्याच दिवशी.

साल १९६३. अमरावती. दसऱ्यानंतरचा मंगळवार. रात्र वगैरे काही नाही, लख्ख दुपार होती.

उद्धवमामा अकोल्याला राहायचे. कार्ड मोजणारी यंत्रं दुरुस्त करायचे. अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत असं एक यंत्र होतं. जिल्ह्यात कुणी वारलं की गावाकडून चिठ्ठी यायची. विमल नावाची बाई ती वाचून, पुरुष की बाई, वय किती, त्याप्रमाणे कार्डाला भोकं पाडायची. एक कार्ड, एक मृत्यू. यंत्र ती भोकं वाचून बेरीज छापायचं.

नांदगाव पेठेकडच्या खेड्यांची कार्डं होती एक्केचाळीस.

यंत्र छापत होतं बेचाळीस.

कचेरीप्रमुख खुशालराव साहेबांनी सगळं खापर विमलवर फोडलं होतं. संध्याकाळपर्यंत यंत्राचा दोष सापडला नाही तर तिची नोकरी जाणार. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात चार तोंडं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मामांना साहेबांचा मनस्वी राग आला.

त्यांनी कार्डं हातानं मोजली. दोनदा. एक्केचाळीस. चिठ्ठ्याही तेवढ्याच. दुसऱ्या गावांचा गठ्ठा घालून पाहिला, तर बेरीज चोख. मग पुन्हा हाच गठ्ठा लावला आणि यंत्राला कान दिला.

प्रत्येक कार्डाला एकदा... खट.

शेवटचं कार्ड गेलं. आत एकही कार्ड उरलं नाही.

आणि मग...

खट.

मामांनी मागचं झाकण उघडलं. आत रिले होता, म्हणजे विजेचा छोटा खटका. तो एकदा टेकला की आकडा एकानं वाढतो. त्याच्या टोकांवर काहीतरी लाल दिसलं. मामांनी बोटाला लावून पाहिलं...

कुंकू.

मामांना हसू आलं. दसऱ्याला यंत्राची पूजा करणारी माणसं आपण. त्यांनी नत्थुजी शिपायाला बोलावून विचारलं.

"म्या त बाहेरूनच बोट टेकवलं," नत्थुजी म्हणाले. "मांगचं झाकण मले खोलताच येत नाही. किल्ली तुमच्यापाशीच राह्यते न."

खरंच. किल्ली मामांच्याच खिशात होती. उन्हाळ्यापासून.

मामांनी टोकं स्पिरिटनं पुसली. मनाचं समाधान होईना म्हणून रिलेच काढून नवा बसवला. गठ्ठा पुन्हा लावला.

बेचाळीस.

आता त्यांनी छापलेले रकाने एकेक करून कार्डांशी ताडून पाहिले. पुरुष बरोबर. बायका एक जास्त. जास्तीच्या बाईचं वय पंचवीस.

विमल मागून वाचत होती. तिचा चेहरा उतरला.

"सत्यभामाबाई पंचवीसच्या होत्या," ती म्हणाली.

सत्यभामाबाई विमलच्या आधी याच खुर्चीवर बसायच्या. सकाळी काम सुरू करण्याआधी यंत्राला कुंकू लावायच्या, एक दिवस चुकला नाही. श्रावणात बाळंतपणाची रजा घेऊन सासरी नांदगाव पेठेकडे गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. एवढंच तिला ठाऊक होतं.

नत्थुजी दारातच उभे होते.

"गेली ते. पोळ्याच्या दिवशी विहिरीत सापडली. घरच्यायनं पोलिसाच्या भेवानं तवाच्या तवा जाळून टाकलं. मंग चिठ्ठी कोन देईन?"

विमलनं कोरं कार्ड घेतलं. चिठ्ठी नसताना कार्डाला भोकं पाडणं हा गुन्हाच. मामांनी तिला अडवलं नाही.

बेचाळीस कार्डं. खट... खट... खट...

शेवटचं, सत्यभामाबाईंचं कार्ड गेलं. मामांनी श्वास रोखला.

काही नाही. सारं शांत.

विमलनं पदरानं डोळे पुसले.

आणि मग...

खट.

अगदी हलकेच.

त्रेचाळीस.

मामांनी घाईघाईनं रकाने पाहिले. पुरुष बरोबर. बायका बरोबर. वयाच्या रकान्यांतही वाढ नाही. एकूण मात्र एक जास्त.

विमलनं आणखी एक कोरं कार्ड उचललं. भोक पुरुषाच्या जागी पाडायचं की बाईच्या? कार्ड हातात धरून ती नुसती बसून राहिली.

"नावही नसेल हो ठेवलं," ती म्हणाली.

चिठ्ठी नसलेलं सत्यभामाबाईंचं कार्ड गठ्ठ्यातून काढावंच लागलं. मामांनी अहवाल लिहिला: यंत्रात बिघाड. बाईंची चूक नाही. विमलची नोकरी वाचली. महिन्याभरात यंत्र तिथून हललं.

यंत्रात बिघाड नव्हता, हे मामा मरेपर्यंत सांगत राहिले.

तो काढलेला रिले त्यांनी एका डबीत ठेवला होता. डबी आता माझ्याकडे आहे. ना वायर, ना वीज. वर्षभर त्यातून काही आवाज येत नाही. पोळ्याच्या दिवशी मात्र भर दुपारी एकदा ऐकू येतं... खट.

थोड्या वेळानं पुन्हा. हलकेच.

फेकून द्यायला माझा हात धजत नाही. दुसरीकडे कुठे त्यांची नोंद आहे?