सॅम्पल जेवला का?

कारेगावच्या एसटीडी बूथवर शनिवारी भरदुपारी फारसं कुणी फिरकत नसे. शिफ्ट सुटायला अवकाश होता, जानेवारीचं उबदार ऊन काउंटरवर लोळत होतं, आणि गौतमी हनुवटीखाली हात घेऊन उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघत बसली होती. कसली, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. बाविसाव्या वर्षी स्वप्नांना विषय लागतोच असं नाही.

तेवढ्यात एक मुलगा घाईघाईनं आत आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, एक हात पोटाशी गच्च धरलेला. तिला वाटलं, ह्याच्या पोटात दुखतंय. तो तडक काचेच्या केबिनमध्ये शिरला, नंबर फिरवला आणि ओरडला, "सोपानराव, मी रोहन बोलतोय! आईला बोलवा जरा. लई अर्जंट हाय!"

केबिनचं दार नीट लागत नसे, त्यामुळं गावभरच्या लोकांचं सगळं बोलणं गौतमीला ऐकू येई. त्याच्या गावी, कासुर्डीला, सोपानरावांच्या किराणा दुकानातल्या फोनवर ह्याची आई येईपर्यंत तो उभा राहिला, आणि तेव्हाच त्याच्या शर्टाच्या बटणांमधून एक पांढरा कान बाहेर आला. मागोमाग दुसरा. तो करडा होता.

"आई... ससा काय खातो गं?" पलीकडून आई काहीतरी बोलली. "आगं न्हाई, खायचा न्हाई! पाळायचाय... व्हय... दूध-चपाती? बरं, कुस्करून देतो."

गौतमीची सगळी गुंगी उतरली. तिनं काचेवर थाडथाड हात मारला. "दूध देऊ नका! मरंल ते!"

अशी त्यांची ओळख झाली. पहिल्या भेटीत नायिकेनं काय बोलावं याचे काही नियम असतील, तर गौतमीला ते ठाऊक नव्हते.

शिरूरच्या आठवडे बाजारात एका माणसानं हे पिल्लू कानांना धरून लोंबकळत ठेवलेलं रोहनला बघवलं नव्हतं, एवढीच त्याची कथा. घेऊन बसला आणि मग पुढचं सुचेना. खोलीवर पाचजण राहत होते आणि त्यांतल्या चौघांनी बघताक्षणीच मसाल्याची चौकशी सुरू केली होती.

"तुम्हाला बरं म्हाईत, मॅडम?" तो म्हणाला.

"माझ्या आत्यानं शिरूरला बचत गटातून ससे पाळले हुते. धंदा दोन वर्षांत बसला, पण माझ्या सगळ्या सुट्ट्या सशांत गेल्या." तिनं एक हात पिल्लाच्या छातीखाली आणि एक बुडाखाली घालून त्याला अलगद उचललं. "असं धरायचं. खाली आधार पायजे, न्हाईतर घाबरून उडी मारतं आन् कंबरडं मोडून घेतं."

पिल्लाचं काळीज तिच्या बोटांवर धडधडत होतं. सशाचं काळीज म्हणतात ते उगाच नाही. पण त्या दुपारी तिथं अजून एक काळीज तसंच उडत होतं, आणि ते सशाचं नव्हतं.

"नाव काय ठेवलंत?"

"सॅम्पल."

"हे काय नाव झालं?"

"क्वालिटीत हाय मी. तपासायला हातात येतं त्याला आम्ही सॅम्पलच म्हणतो." मग तो जरा घुटमळला. "मॅडम... खोलीवर न्हेला तर रातीत रस्सा व्हईल त्याचा. तुमच्याकडं... थोडे दिवस?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं गौतमीनं. बाहेर "बरं" आलं.

केबिनच्या मागं एक चिंचोळी जागा होती. तिथं रोहननं भंगारातल्या लाकडी खोक्याला जाळी ठोकून घर केलं, खाली पत्र्याचा ट्रे सरकवला. पहिले तीन दिवस सॅम्पल कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसला. रोहन रोज ड्यूटी सुटली की यायचा, खोक्यात हात घालून "ये, ये" करायचा, आणि सॅम्पल मागचा पाय धाडकन आपटायचा.

"हात बाहेर," चौथ्या दिवशी गौतमी म्हणाली. "दार उघडं ठेवा आन् खाली बसा. बोलू नका. त्याच्याकडं बघूबी नका."

"मग कुणाकडं बघू?"

"कुठंबी बघा."

"कुठंबी?" असं म्हणून तो बघायला लागला. ती समोरच बसली होती, त्यामुळं बघायला दुसरं तिथं काही नव्हतं म्हणा...

गौतमीनं मान खाली घातली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. बाहेर रस्त्यावरून ट्रक जात होते, केबिनची काच बारीक थरथरत होती, सशासाठी आणलेल्या लसूणघासाचा ओला हिरवा वास सगळीकडं पसरला होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग खोक्याच्या दारात एक नाक आलं. थरथरलं. दोन पावलं, थांबणं, पुन्हा दोन पावलं... सॅम्पलनं रोहनच्या बुटाचा वास घेतला, तो त्याला पटला नसावा, आणि सरळ येऊन गौतमीच्या ओढणीचं टोक कुरतडायला लागला.

"बघा," रोहन हळूच म्हणाला. "त्याला कळतं."

"काय कळतं?"

"चांगली क्वालिटी."

गौतमीला हसू आवरेना, आणि सॅम्पल दचकून परत खोक्यात गेला.

खरी मजा पुढं झाली. रोहनची शिफ्ट बदलली. थर्ड शिफ्ट करून तो सकाळी सातला सुटायचा, तेव्हा बूथवर तिचे आप्पा, म्हणजे ज्ञानदेव, असायचे. ते ग्रामपंचायतीत शिपाई होते. सकाळी बूथ उघडायचे, दहाला गौतमी आली की कामावर जायचे. "जय भीम आप्पा" म्हणून रोहन मागं जायचा, ट्रे धुवायचा, घास घालायचा आणि खोलीवर झोपायला जायचा. त्याची आणि गौतमीची गाठ पडेना. तेव्हा रोहननं कारखान्यातली रीत इथं आणली. तिथं एक शिफ्ट सुटताना दुसऱ्या शिफ्टसाठी वहीत लिहून ठेवते, काय झालं, काय राहिलं. त्यानं खोक्याला दोरीनं एक वही बांधली.

पहिल्या दिवशी गौतमीनं वाचलं: "सॅम्पल जेवला. घास एक मूठ, गाजराचा एक तुकडा. लेंड्या कोरड्या, गोल, भरपूर. रिजेक्शन नाही. पुढच्या शिफ्टने पाणी बदलावे."

तिनं खाली लिहिलं: "पाणी बदललं. मागच्या शिफ्टने उंटावरून शेळ्या हाकू नयेत. सॅम्पल आज माझ्या मांडीवर झोपला. तुमच्या मांडीवर कधी झोपलाय?"

"झोपला. पण त्याला तुमच्याविषयी सांगत होतो तेव्हा."

"काय सांगत होतात?"

"ते गोपनीय आहे. ससा फोडणार नाही."

रोज दहाला बूथवर जाताना तिची पावलं आपोआप भरभर पडू लागली. वही उघडायच्या आधी ती उगाच काउंटर पुसायची, रिसीव्हर पुसायची, कॅलेंडर सरळ करायची... आणि मग वाचायची. लेंड्यांचा हिशेब वाचून लाजणारी मुलगी शिरूर तालुक्यात ही एकच असावी.

मार्च लागला. सशाला ऊन सोसत नाही, म्हणून रोहननं खिडकीला पोतं टांगलं आणि गौतमी दर तासाला पोत्यावर पाणी मारायची. ओल्या पोत्यातून येणारी झुळूक गार असायची, तिला कडुलिंबाच्या मोहोराचा वास असायचा. सॅम्पल फरशीवर पाय ताणून लांबलचक पडायचा. फर्स्ट शिफ्ट असली की चारला रोहन यायचा, भिंतीला टेकून बसायचा, आणि दोघंही त्या अर्ध्या उजेडात न बोलता बसून राहायची. गौतमीला वाटायचं, हे असंच चालू राहावं. कुणी फोन करायला येऊ नये.

पण दौंडहून स्थळ आलं. रेल्वेतला मुलगा. पर्मनंट, क्वार्टर मिळालेलं, माणसं भली. आप्पांनी ते आनंदानं गावभर केलं, रोहनलाही सांगितलं. येत्या रविवारी ते लोक पक्कं उत्तर घ्यायला येणार होते.

आणि त्याच आठवड्यात रोहनला ब्रेक मिळाला. ठेकेदाराची माणसं, पर्मनंट करावी लागू नयेत म्हणून सात महिने भरत आले की घरी पाठवायची. पुन्हा बोलावलं तर नशीब.

निघायच्या दिवशी तो पिशवी घेऊन बूथवर आला. "सॅम्पल तुमच्याकडंच राहू द्या. आमच्या वस्तीवर कुत्री हायेत."

"आन् दुसरं काय?"

"दुसरं... दुपारचं पोतं ओलं ठेवा."

"दौंडचं कळलं न्हाई का तुम्हाला?"

"कळलं की." त्यानं पिशवीचा बंद दोनदा सोडला, दोनदा बांधला. "चांगलं स्थळ हाय, मॅडम. पर्मनंट हाय."

गौतमीला असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. इतके महिने वहीत घासाची मूठ मोजून लिहिणारा हा माणूस, आणि लिहायचं ते सोडून मूग गिळून बसला! ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. "जावा तुम्ही," ती म्हणाली. तो गेला.

चार दिवस तिनं वही उघडली नाही. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, उघडली. पान कोरं होतं. आपलं ह्याच्यावर प्रेम आहे हे तिला तोवर कळलं नव्हतं असं नाही, पण हा नसला तर काय होईल ते त्या पानानं सांगितलं. ती उठून केबिनमध्ये गेली आणि कासुर्डीच्या दुकानाचा नंबर फिरवला.

"सोपानराव, रोहनला निरोप द्या. म्हणावं, सॅम्पल तीन दिवस झालं जेवला न्हाई."

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला तो आला. चौफुल्याला गाडी बदलून, शिरूरला गाडी बदलून, उन्हानं काळाठिक्कर पडून आला. खांद्यावर लसूणघासाचा मोठा थोरला भारा होता. गौतमीकडं न बघता तो मागं धावला आणि खोक्यापुढं गुडघ्यांवर बसला.

सॅम्पल एका गाजरात गुंतला होता. त्यानं वर बघितलं, आणि खाणं चालू ठेवलं.

रोहननं हळूच खालचा ट्रे ओढला. क्वालिटीतला माणूस तो. बराच वेळ बघत बसला.

"मॅडम, ह्या लेंड्या कुणाच्या?"

"सॅम्पलच्या."

"तीन दिवस न जेवता?"

गौतमीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"गोल, कोरड्या, भरपूर..." त्यानं वळून बघितलं. "खोटा रिपोर्ट दिलात तुम्ही."

"दिला."

"का?"

"खरा द्यायला कुणी धजंना, म्हणून."

त्याचा चेहरा एकदम मऊ पडला. पोत्याची गार झुळूक आली आणि गेली. "माझ्याकडं काय हाय?" तो म्हणाला. "आज काम हाय, उद्या न्हाई. तुम्हाला क्वार्टर मिळत असताना मी कोणत्या तोंडानं..."

"मी क्वार्टर मागितलं का तुमच्याकडं? इतकंच सांगा. तुमच्या मनात हाय का न्हाई?"

"हाय," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापास्नं हाय. तुम्ही काच बडवली तवापास्नं. घरी गेलो तर जेवण जाईना. आई म्हणाली, ससा तिकडं ठिवला का तू सोताला..."

"कुणाचं जेवण जाईना?" दारातून आवाज आला.

आप्पा उभे होते. रोहन ताडकन उठला. उद्या दौंडची माणसं येणार होती, आणि आज गप्प बसलं तर जन्मभर गप्प बसावं लागणार होतं.

"आप्पा," ती म्हणाली, "दौंडला न्हाई म्हणून कळवा. मला ह्यांच्यासंगं लगीन करायचंय."

आप्पांनी आधी लेकीकडं बघितलं, मग रोहनकडं, मग भाऱ्याकडं. त्यांची नजर तिथंच थांबली.

"हे कासुर्डीवरनं आणलंस?"

"व्हय, आप्पा."

"दोन गाड्या बदलून?"

"व्हय."

"आन् हितं कारेगावात घास मिळत न्हाई का? समोरच्या वावरात काय उगवलंय ते?"

रोहननं खिडकीबाहेर बघितलं. समोर रस्त्यापलीकडं लसूणघासाचं वावर हिरवंगार डुलत होतं. जानेवारीपासून तो त्यातूनच घास आणत होता.

"...सुचलंच न्हाई, आप्पा."

आप्पांनी तोंडावर रुमाल धरला. खोकल्यासारखं काहीतरी केलं, पण ते हसणं होतं. मग ते खाली बसले, भाऱ्यातली एक काडी ओढून खोक्यात घातली. "नोकरी लागंपर्यंत लगीन न्हाई," ते म्हणाले. "ठेकेदारानं न्हाई बोलावलं तर दुसरीकडं बघायचं, हातावर हात ठिवून बसायचं न्हाई. आन् पुढच्या रविवारी आईबापाला घिऊन यायचं. दौंडचं मी बघतो. त्या भल्या माणसांना उन्हातान्हात कशाला हेलपाटा?" एवढं बोलून ते उठले आणि घरी गेले, गौतमीच्या आईला गाठायला.

रोहन भिंतीला टेकून बसला. गौतमीही बसली, हातभर अंतर सोडून. मग वीतभर.

"गौतमी..." तो म्हणाला. मॅडम नाही, नुसतं नाव. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"काय?"

"काही न्हाई. म्हणून बघितलं."

ती ओढणीत तोंड लपवून हसत राहिली, आणि मग म्हणाली, "परत म्हण की."