केरबाआण्णाच्या गाईला म्हशीची फॅट

"ओ पावणं! मागनं या की. रांग दिसत न्हाय व्हय?"

त्याच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य हे. पुढं घुसलेला तो उंच पोरगा थांबला... आणि हसला. हातात किटली नव्हतीच, बॅग होती.

"मी पृथ्वीराज. कोल्हापुरातनं आलोय, मशीन बघायला."

झालं! भरल्या डेअरीत माझेच कान लाल.

२००९ सालची गोष्ट. कोडोलीच्या आमच्या दूध डेअरीत दुधातली फॅट मोजायच्या मशीनला हातावर मावणारा कॉम्प्युटर जोडायची कल्पना माझी, तिथं पावत्या करणाऱ्या पोरीची. चेअरमन हंबीरमामांच्या मागं लागून मीच तो आणायला लावला. दोन्हींच्या मधे एक यूएसबीचा कन्व्हर्टर. तोच मेला मधेच बंद पडायचा, आणि पडद्यावर आधीच्या माणसाचीच फॅट राहायची. एके दिवशी चिमणाकाकूंच्या म्हशीची फॅट केरबाआण्णाच्या गाईला लागली. गाईच्या दुधाला म्हशीचा भाव, आण्णा खूश! काकूंनी डेअरी डोक्यावर घेतली. मामांनी मला बजावलं, "अनुजा, शनवारपतोर नीट झालं न्हाय तर मशीन बी परत, आन् तू बी घरी."

पृथ्वीराज रोज सकाळी यायचा. केबल बदलली, कन्व्हर्टर बदलला, प्रोग्रॅम पुन्हा भरला. रांग संपल्यावर तपासायचा, तेव्हा सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी रांग लागली की पुन्हा तेच.

"तुमच्यासमोर बरं गुमान ऱ्हातंय," मी म्हणाले.

"तुमच्यासमोर मलाबी गुमानच ऱ्हायला लागतंय..."

आगाऊ कुठला! मी खाली मान घालून पावत्या फाडत बसले. एक पावती मात्र मधोमधच फाटली.

शुक्रवारी त्याचं तपासणं बघता बघता माझ्या एकदम लक्षात आलं.

"अहो, तुम्ही पावती काढतच न्हाय की!"

"कागद कशाला वाया घालवायचा?"

"काढा म्हंते ना!"

पावती सरसर निघाली — आणि कन्व्हर्टरचा दिवा विझला. पावत्यांचा प्रिंटर त्याच इवल्याशा कॉम्प्युटरवरनं करंट ओढत होता, कन्व्हर्टरला उरतच नव्हता. पृथ्वीराज कपाळावर हात मारून खो-खो हसला. मग त्यानं प्रिंटरला वेगळा अडॅप्टर लावला.

शनिवारी एकशे बारा जणांचं दूध झालं, दिवा एकदाही विझला नाही. मामा म्हणाले, "पोरगी हुशार हाय!" मी हवेतच होते... तोवर पृथ्वीराजनं कागद पुढं केला.

"तक्रार मिटली म्हणून सही करा."

पेन धरलं, पण सही होईना. ही सही झाली की तो परत कशाला येणार? डोळेच भरून आले. वर स्वतःचाच राग.

"काय झालं?"

"काय न्हाय. लय झ्याक काम केलासा. आता कशाला येतायसा कोडोलीला!"

"येऊ की. कारण लागतंय व्हय?"

"लागतंय! आमच्या गावात बिनकारणाचं आलेलं चालत न्हाय."

"मग सांगूनच येतो," तो म्हणाला, आणि चांगलं मोठ्यानं म्हणाला, "मला तुम्ही आवडता."

मामांची मान वर. लाजेनं जीव जाईल असं वाटलं, आणि इतका आनंद झाला की काय सांगू! मी सही ठोकली आणि कागद त्याच्या हातात दिला.

"रविवारी या. आन् येताना आई-बाबांस्नी संगट आणा."