धाकूची विहीर

उतरत्या उन्हात जुहूच्या कोळीवाड्यातून गंधाली पंधरा-वीस माणसांना फिरवत होती. एमएला तिनं पब्लिक हिस्ट्री घेतलं होतं, म्हणजे वर्गातला इतिहास गल्लीत आणून लोकांना सांगायचा. आजचा वॉक जमला तर संग्रहालयात नोकरीची आशा होती. पण खरी परीक्षा रांगेच्या शेवटी चालत होती : तिचे बाबा विद्याधर, पार्ल्यातले निवृत्त बँकवाले. "इतिहास शिकून पोट भरतं का गं?" हा त्यांचा रोजचा पाढा. आज पटलं नाही तर एमए सोडून बँकेच्या परीक्षेचा क्लास, असं ठरलं होतं.

पण काय बोलत होती पोरगी! राजे नाहीत, सनावळ्या नाहीत. जाळी आणि वाळत घातलेले बोंबील दाखवत तिनं अख्खं गाव उभं केलं. बुजवलेल्या विहिरीपाशी ती थांबली. विहिरीवर सिमेंट, त्यावर स्कूटर लावलेल्या. वारा पडला होता. ओल्या शेवाळाचा वास कुठून येत होता, कोण जाणे.

"इथे धाकू नावाची कोळीण पाण्याला यायची. एकदा पाय घसरला... सापडलीच नाही. कुठल्या पुस्तकात तिचं नाव नाही. म्हणून ते आपण घ्यायचं."

एका बाईंनी डोळे पुसले.

वॉक संपला, माणसं पांगली. बाबा जवळ आले. "जिंकलंस, पोरी. कर तुझं एमए. मी आडवा येणार नाही."

गंधालीला रडूच फुटलं.

"आणि मागची ती बाई... काय माहिती आहे तिला! तू थांबलीस की ती हळूच पुढचं सांगायची. म्हणाली, धाकूचा पाय घसरला नव्हता..."

"कुठली बाई?"

"तुझ्याबरोबरची. हिरव्या लुगड्यातली."

"माझ्याबरोबर कुणीच नव्हतं, बाबा... सगळ्यांत मागे तुम्हीच होतात."

"काहीतरीच काय! म्हणाली, इतक्या वर्षांनी कुणीतरी नाव घेतलं. मलाच भरून आलं गं. म्हटलं, चला आमच्याकडे चहाला."

त्यांनी रिक्षा थांबवली. गंधाली आत सरकून बसली. बाबा चढले ते पार कडेला, अंग चोरून.

"बाबा... इकडे सरका ना."

त्यांनी ऐकलंच नाही. मधल्या जागेकडे बघून अदबीनं विचारलं, "नीट बसलात ना?"

गंधालीच्या शेजारचं रेक्झिन हळूहळू खाली दबलं.